बालवाडीतला वाफा

तीन-चार वर्षांचे मूल ताटातली भाजी बाजूला सारते, तेव्हा मोठी माणसे त्याला हट्टी ठरवून मोकळी होतात. वस्तुतः अनोळखी पदार्थाविषयीचा हा संशय वाढीचाच एक टप्पा असून साधारणपणे दोन ते सहा या वयात तो सर्वाधिक तीव्र असतो. लीअन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विदुषीने सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकात लहान मुलांबरोबर केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, पदार्थ नुसता पाहून आवडू लागत नाही, तो जिभेवर पुन्हापुन्हा यावा लागतो; शिवाय खाल्ल्याबद्दल बक्षीस देऊ केले, तर त्या पदार्थाची गोडी वाढण्याऐवजी घटते. नवी चव रुळण्यास आठ ते पंधरा वेळा चाखणे लागू शकते, असे आज मानले जाते. घरोघरी मात्र तिसऱ्याच वेळी ‘याला भाजी आवडतच नाही’ असा निकाल लागतो.

असा वारंवार आणि बिनसक्तीचा परिचय परसबागेत आपोआप घडतो आणि महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि तेथे व पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने पाने, बिया, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंनाच शिक्षणसाहित्य मानले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू होऊन अंगणवाड्या देशभर पसरल्या. आता पोषण अभियानात त्यांच्या आवारात पोषण वाटिका, म्हणजे आहारासाठीची परसबाग, करण्यावर भर असतो. ही बाग पाहणीच्या दिवशी छायाचित्रापुरती सजवली आणि मुलांना कुंपणाबाहेर ठेवले, तर तिचा उपयोग शून्य होय.

मुलांना सामील करून घेणारी बाग कशी लावावी, यासाठी एका गावाचे उदाहरण घेऊ. मुळशी तालुक्यातील नांदे हे चांदे, सूस, म्हाळुंगे यांच्या शेजारचे गाव असून पुणे शहर त्याच्या वेशीपर्यंत येऊन ठेपले आहे. या भागात पावसाळ्यात वाफ्यात पाणी साचून पालेभाजी सडण्याची भीती असते, म्हणून मुलांसाठीची पेरणी दसऱ्यानंतर, जमिनीपासून वीतभर उंच केलेल्या गादीवाफ्यावर करणे सोयीचे ठरते. लहान मुलांना वाट पाहणे जमत नाही. त्यामुळे तीन-चार दिवसांत कोंब दाखवणारी आणि महिन्याच्या आत खुडता येणारी मेथी पहिली, सुमारे चाळीस दिवसांत उपटता येणारा मुळा दुसरा, आणि आठवडाभर मातीतून डोके वर न काढणारे धणे सर्वांत शेवटी, हा क्रम बरा.

मुळा उपटण्याचा प्रसंग विशेष लक्ष देण्याजोगा असतो. दोन्ही हातांनी पाला धरून ओढताना मूल मागे धपकन बसते, मातीने माखलेला पांढरा कंद न्याहाळते, स्वतः धुते, आणि मग त्याचा किसलेला चिमूटभर भाग जिभेवर ठेवते. मुळा मोहरीच्या कुळातला असल्यामुळे किसताना वा चावताना त्याच्या पेशी फुटून तिखट द्रव्य तयार होते, म्हणून पहिला घास बहुधा थुंकला जातो. थुंकण्याची ही मुभा आधीच द्यावी आणि त्यासाठी शेजारी वाटी ठेवावी, कारण गिळण्याची सक्ती नसलेले मूलच पुन्हा चाखायला धजावते. चार दिवसांनी मुळ्याचाच ताजा कीस दह्यातल्या कोशिंबिरीत द्यावा.

काही पथ्ये मात्र काटेकोर हवीत. कडू लागणारी काकडी वा दुधी यांत कुकुरबिटासिन हे विषारी द्रव्य असते, म्हणून असे फळ मोठ्यांनी आधी किंचित चाखून, कडू निघाल्यास टाकून द्यावे. अळूच्या कच्च्या पानातील सूक्ष्म टोकदार स्फटिकांनी घशाला खाज सुटते. चार वर्षांखालील मुलांना कच्चे गाजर सबंध न देता किसून द्यावे, कारण तुकडा घशात अडकू शकतो. वाफ्यावर रासायनिक फवारणी करू नये, आणि मातीतून जंतांची अंडी पोटात जात असल्याने चाखण्यापूर्वी हात साबणाने धुतले जावेत.

सोसायटीत राहणाऱ्यांना जमीन नसते, पण तळाला भोके पाडलेल्या तेलाच्या डब्यातही मेथी येते. यंदा दसरा झाला की आई-बाबांनी, आजी-आजोबांनी किंवा अंगणवाडीच्या ताईंनी मूठभर मेथीदाणे मुलांच्याच हातून पेरून घ्यावेत, आणि पहिली जुडीही त्यांनाच खुडू द्यावी.