ओके आलं कुठून?

१८३९ साली बॉस्टनच्या वर्तमानपत्रांना एक खूळ लागलं होतं. शब्द मुद्दाम अशुद्ध लिहायचे आणि वर त्यांची नुसती आद्याक्षरं छापायची. 'ऑल राइट'चं स्पेलिंग बिघडवून 'ओ. डब्ल्यू.', 'नो यूज'साठी 'के. वाय.'! २३ मार्चला 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मधल्या एका खवचट मजकुरात 'ओ. के.' आलं. अर्थ शेजारीच दिलेला: ऑल करेक्ट. आता नीट पाहा. 'ऑल' सुरू होतो 'ए'ने, 'करेक्ट' 'सी'ने. म्हणजे 'सगळं बरोबर' असं सांगणाऱ्या दोन अक्षरांतली दोन्ही चूक!

असल्या विनोदांचं आयुष्य ते किती? बाकीची आद्याक्षरं बघता बघता विरून गेली. 'ओके'ला मात्र पुढच्याच वर्षी निवडणूक पावली. अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन हे किंडरहूक गावचे, म्हणून 'ओल्ड किंडरहूक'. समर्थकांनी 'ओके क्लब' काढले. विरोधक कसले गप्प बसतात! त्यांनी पुडी सोडली की, आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना धड लिहिता येत नसे, तेच कागदांवर 'ओके' खरडत. व्हॅन ब्युरेन पडले, अक्षरं टिकली. पुढे रेल्वेच्या तारवाल्यांनी ती उचलली. संदेश पोचला हे कळवायला दोन अक्षरं पुरत असतील, तर जास्त कोण बडवणार?

गंमत म्हणजे मूळ विनोद लोक साफ विसरले, आणि रिकाम्या जागेत नाना व्युत्पत्त्या घुसल्या. कुणी ग्रीक 'ओला काला'कडे बोट दाखवलं, कुणी चॉक्टॉ या अमेरिकी आदिवासींच्या भाषेकडे. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना चॉक्टॉची गोष्ट इतकी पटली की ते 'ओके' न लिहिता 'ओकेह' लिहीत. अखेर कोलंबिया विद्यापीठाच्या ॲलन वॉकर रीड यांनी जुन्या वर्तमानपत्रांचे ढीग उपसले आणि १९६३-६४मध्ये बॉस्टनचा तो मजकूर पुढे ठेवला. मला स्वतःला हा शोध त्या सगळ्या दंतकथांपेक्षा रंजक वाटतो.

आपण मराठीत 'क'ला आणखी एक 'क' जोडून 'ओक्के' केलं. जून २०२२मध्ये गुवाहाटीत मुक्कामी असलेले शिवसेनेचे तेव्हाचे बंडखोर आमदार शहाजीबापू पाटील फोनवर 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' म्हणत 'ओक्के'वर आले, आणि ते पोराटोरांच्या तोंडी बसलं. ट्रकमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'मधल्या 'ओके'चा उगम विचारलात, तर कुणी रॉकेलची गोष्ट सांगेल, कुणी साबणाच्या जाहिरातीची. महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये त्या ओळीवर बंदी घातली. हायवेवर ती अजून भेटते.