वारली चौक आणि सार्वजनिक वास्तू : आदिवासी कलेच्या वापरातील सांस्कृतिक संकेत

प्रस्तावना :
सातवाहन काळात ‘भोगवर्धन’ या नावाने ओळखले जाणारे भोकरदन हे व्यापाराचे व कारागिरीचे नगर होते. येथील उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या प्रतिमेशी असलेल्या साम्यामुळे अभ्यासकांना परिचित आहे. ती कोणी कोरली हे कळण्यास मार्ग नाही. मात्र सांचीच्या दक्षिण तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी केल्याची नोंद त्या तोरणावरच आहे. भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेखही सांची व भरहुत येथील दानलेखांत आढळतो. म्हणजे कारागिरांच्या समूहाचे श्रेय वास्तूवरच नोंदविण्याची रीत या भूमीला नवी नाही. आज शाळा, कार्यालये व रेल्वे स्थानके यांच्या भिंतींवर वारली आकृत्या सर्रास दिसतात, त्यांच्याखाली मात्र असे नाव क्वचितच असते. ही कला वास्तूत आणताना कोणते संकेत पाळावयास हवेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चौकाचे स्थान :
वारली चित्र हे मुळात सजावट नव्हे. कारवीच्या कुडाला शेणमातीने सारवून, त्यावर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नचौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते, शेजारच्या देवचौकात पंचशिर्या असतो, आणि विवाहाचे विधी धवलेरीच्या गाण्यांनी पार पडतात. चित्र, भिंत, गीत व विधी यांचा हा एकजीव मेळ आहे. त्यातील आकृती तेवढी उचलून उपाहारगृहाच्या फरशीवर किंवा स्वच्छतागृहाच्या दारावर लावली, तर रचनाकाराच्या दृष्टीने तो केवळ एक आकृतिबंध असतो. चौक लिहिणाऱ्या समाजाच्या दृष्टीने ती देवी असते.

याचा अर्थ वारली चित्र कुडाबाहेर येऊच नये असा नाही. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांनी शेती, मासेमारी, तारपा नृत्य अशा विषयांतून तिला नवे रूप दिले व २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. समाजाने स्वतःच्या हाताने घडविलेला हा बदल होता. कोणते चित्र विधीचे व कोणते बाजाराचे, हा विवेक त्यात वारली चित्रकारांकडेच राहिला. बाहेरील रचनाकार चित्रसंग्रहातून आकृत्या उतरवून घेतो, तेव्हा नेमका हाच विवेक गळून पडतो.

कायद्याची मर्यादा :
वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन लाभले आहे, म्हणून तिचे पुरेसे रक्षण झाले असा समज दिसतो. तो अपुरा आहे. १९९९चा भौगोलिक मानांकन कायदा वस्तूचे नाव व उगम यांचे रक्षण करतो. पालघट कोठे रंगवावी याविषयी तो काही सांगत नाही. स्वामित्वहक्काचा १९५७चा कायदा मुख्यतः ज्ञात कर्ता व ठरावीक मुदत यांवर उभा आहे. पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी लिहिलेल्या चौकाचा एक कर्ता कोण सांगणार?

या संदर्भात ऑस्ट्रेलियातील एक निकाल उद्‌बोधक ठरतो. आदिवासी चित्रकारांच्या चित्रांवरून व्हिएतनाममध्ये गालिचे विणून ते ऑस्ट्रेलियात विकण्यात आले. त्यांतील काही चित्रे पवित्र कथांवरील होती आणि गालिच्यावर तर पाय पडणार. त्या चित्रांचा गैरवापर झाल्यास समाज चित्रकारालाच जबाबदार धरतो. १९९४ मध्ये तेथील फेडरल न्यायालयाने भरपाई ठरविताना आर्थिक नुकसानीबरोबर हा सांस्कृतिक आघातही विचारात घेतला. २००७च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यातील ३१व्या कलमाने आदिवासी समूहांचा आपल्या सांस्कृतिक वारशावरील नियंत्रणाचा हक्क मान्य केला. भारताने या जाहीरनाम्याच्या बाजूने मतदान केले होते.

अनुमती कोणाची? :
एकट्या चित्रकाराची संमती समाजाची संमती ठरते काय, हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न होय. त्याचे पूर्ण उत्तर नसले तरी एक वाट उपलब्ध आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याने लोकांच्या परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभेला सक्षम मानले आहे. डहाणू, तलासरी, जव्हार हे वारलींचे तालुके याच क्षेत्रात येतात. विधीशी निगडित आकृती वापरावयाची असल्यास तेथे विचारणा करणे, आणि नकार आल्यास तो स्वीकारण्याची तयारी ठेवणे, हा पहिला संकेत ठरावा. ज्या विचारणेत नकाराला जागा नाही तिला अनुमती म्हणता येत नाही. नित्य जीवनातील दृश्यांसाठी वारली चित्रकारालाच काम देणे, विषयाची निवड त्याच्यावर किंवा तिच्यावर सोपविणे आणि कोनशिलेवर वास्तुविशारदाच्या नावाबरोबर चित्रकाराचे व पाड्याचे नाव कोरणे शक्य आहे.

अडचण बहुधा अंदाजपत्रकात असते. भिंतीच्या रंगाचा दर चौरस फुटाने लावला जातो. चित्रकाराचा प्रवास, मुक्काम, मोबदला यांसाठी स्वतंत्र बाब धरली जात नाही. ग्रामसभेच्या उत्तरासाठी लागणारा वेळही कामाच्या मुदतीत धरला जात नाही. मग स्थानिक रंगाऱ्याला छापील नमुना देऊन काम उरकले जाते; त्यात त्या रंगाऱ्याचा दोष नाही. महाविद्यालयांच्या इमारत समित्यांना ही तरतूद आराखड्याच्या टप्प्यावरच करता येईल. ती शक्य नसेल, तर भोकरदनसारख्या गावातील भिंतीवर वारलीच कशासाठी, हेही विचारावे. पोळ्याला रंगविलेले बैल, दारापुढील रांगोळी, भोगवर्धनची हस्तिदंती प्रतिमा हे सारे येथलेच आहे, आणि त्याविषयी विचारावयाची माणसेही याच तालुक्यात आहेत.