पाटीवरचं नाव

खेड तालुक्यातल्या आमच्या वाडीत पाण्याची एक टाकी आहे. वाडीच्या मुंबई मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी ती हट्टाने बांधून घेतली. सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, पदरचे पैसे घातले आणि गणपतीच्या आत काम पुरं केलं. टाकीवर संगमरवरी पाटी बसली, पाटीवर एकच नाव. पुढच्या शिमग्यात पालखी रिवाजाप्रमाणे तात्यांच्या अंगणात नाचली, पण रात्रीच्या सभेत त्यांच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "टाकी बरी झालीय, पन आमाला कोनी इचारलं?" वर्षभरात तात्यांचं अध्यक्षपद गेलं. टाकीचा व्हॉल्व्ह बिघडला तेव्हा तो दोन उन्हाळे तसाच गळत राहिला, कारण टाकी तात्यांची होती.

तात्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांनी मनावर घेतलं नसतं तर बायकांचे हंडे अजून विहिरीवरच दिसले असते. काही करून दाखवायची खुमखुमी नसलेला माणूस वर्गणीची वही नीट सांभाळतो, टाकी बांधत नाही. मग माणसांना सोबत कधी घ्यायचं? या प्रश्नाचं एक मोठं उत्तर, कोकण रेल्वे, आमच्या खेड स्टेशनात रोज येऊन थांबतं.

गणपतीत मांडवी एक्स्प्रेसमधून उतरणारा चाकरमानी एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोर घेऊन रिक्षाकडे धावतो. कशेडी घाटातली एसटीची रातराणी त्याच्या बापाने अनुभवली, त्याला ती ऐकूनच ठाऊक. रोह्यापर्यंत रूळ १९८६ मध्ये आले होते. पुढे सह्याद्रीच्या सोंडा आणि खाड्या. त्यातून मंगळूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर जायचं, ९० च्या वर बोगदे खणायचे, दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल बांधायचे, आणि हे सगळं करायला रेल्वेकडे पैसा नाही.

डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंगांचं सरकार आलं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, प्रा. मधु दंडवते अर्थमंत्री. दोघे जुने समाजवादी सोबती. जॉर्ज १९७४ च्या रेल्वे संपाचे पुढारी. त्या संपात नोकरी गेलेल्यांना १९७७ मध्ये कामावर परत घेणारे रेल्वेमंत्री दंडवते. म्हणजे कोकण रेल्वेची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर गेली तेव्हा तिच्यामागे पंधरा-वीस वर्षांचं देणंघेणं होतं. खुर्ची मिळाल्यावर ओळख काढायला निघालेल्या माणसांची ती गोष्ट नाही.

त्यांनी तोडगा काढला तो वेगळी कंपनी स्थापण्याचा. तिच्यात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा. उरलेला पैसा मुख्यतः बाजारातून, रोखे काढून. मला यातली खरी चलाखी दिसते ती भागीदारीत. तेव्हा महाराष्ट्र आणि कर्नाटकात काँग्रेसची सरकारं होती, केरळात डाव्यांचं. राजकारणात एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांना एका वहीत भागधारक करून टाकलं. नोव्हेंबर १९९० मध्ये सिंगांचं सरकार पडलं, जॉर्ज गेले, दंडवते गेले. दोघांना वर्षही धड मिळालं नव्हतं. काम थांबलं नाही. ते कुणा एकाचं राहिलेलंच नव्हतं ना!

कंपनीचे अध्यक्ष होते ई. श्रीधरन. १९६४ च्या वादळात वाहून गेलेला पांबनचा पूल ४६ दिवसांत उभा केलेला, रेल्वेतून निवृत्त होत असलेला अभियंता. या माणसाची महत्त्वाकांक्षा कॅलेंडरात मावणारी होती: पाच वर्षांत गाडी धावली पाहिजे. बोलण्यात गोडवा कमी, शिस्त फार. तरी त्यांनी मार्गाचे सात भाग पाडले, प्रत्येकी साधारण १०० किलोमीटरचे, आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमून निर्णयाचे अधिकार त्याच्या हाती दिले. पाठीवर थाप मारणारे साहेब पुष्कळ भेटतात. सही करायचा अधिकार सोडणारा विरळा, आणि हाताखालचा माणूस त्यानेच बांधला जातो.

जमिनीचं प्रकरण याहून नाजूक. सुमारे ४३ हजार जमीनमालक. कोकणात गुंठाभर जागेच्या सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, आणि सख्ख्या भावांत बांधावरून कोर्टकचेरी. नुसत्या नोटिसा चिकटवून बसले असते तर एक पिढी गेली असती. कंपनीची माणसं मालकांना थेट जाऊन भेटली. आजोबांनी लावलेल्या कलमांची जमीन अनेकांनी आपण होऊन दिली आणि बराचसा व्यवहार वर्षभरात उरकला. गाडी यावी ही इच्छा आधीपासून त्यांचीही होती. साहेबांच्या घाईला तिची जोड मिळाली.

जिथे ही जोड मिळाली नाही, तिथे काम अडलं. गोव्यात आखणीवरून आंदोलन पेटलं, काम बंद पडलं, न्यायमूर्ती ओझा यांची चौकशी बसली. आखणी शेवटी जवळपास मूळचीच राहिली, म्हणजे अभियंत्यांचं गणित बरोबर होतं. पण गणित बरोबर आहे म्हणून गाव ऐकतं, असं कुठे असतं? तात्यांचंही बरोबरच होतं.

१९९५ मध्ये उत्तरेकडून गाडी खेडपर्यंत आली. सलग मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला, पाचाऐवजी सात वर्षांनी.

आता माणसं जोडली की सगळं मिळतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दंडवते राजापुरातून १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आले होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमची गादी आणणारे रेल्वेमंत्री म्हणून घराघरांत त्यांचं नाव होतं. त्यांनाच १९९१ मध्ये, कोकणात रुळांचं काम चालू असताना, मतदारांनी पाडलं. श्रीधरनांची गोष्ट उलट टोकाची. २०२१ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी ते भाजपतर्फे केरळात पलक्कडमधून उभे राहिले, मुख्यमंत्रिपदाची तयारीही बोलून दाखवली आणि चार हजारांहून कमी मतांनी हरले. देशभर आदर असलेल्या माणसाला एका मतदारसंघाशी काही आठवड्यांत नातं जुळवता आलं नाही. दंडवत्यांचं नातं वीस वर्षांचं, तेही त्या निवडणुकीत कामी आलं नाही. पण त्यांच्या जुन्या मैत्रीतून उभी राहिलेली कंपनी चालत राहिली. मला विचाराल तर हिशेब तिथे धरावा, मतपेटीत धरू नये.

या हिशेबात एक नोंद मात्र कायम राहून जाते. बोगद्यांत दरडी कोसळल्या, माती ढासळली, कामगार गेले. नेत्यांची नावं या लेखातही आली, त्यांची आली नाहीत. रत्नागिरी स्टेशनाच्या आवारात त्यांच्यासाठी श्रमशक्ती स्मारक आहे. खेडहून गाडी पकडून रत्नागिरीला कामाला जाल, तेव्हा रिक्षा करण्याआधी पाच मिनिटं तिथे थांबा.