अंगणातील द्राक्षवेल : फुलोऱ्यापासून फळापर्यंत

लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत हौसेने अंगणात द्राक्षवेल लावलेली घरे अधूनमधून दृष्टीस पडतात. वेल जोमाने वाढते, दोन वर्षांत मांडव भरतो, उन्हाळ्यात खाली बाज टाकून बसण्याजोगी सावली होते. परंतु घड काही दिसत नाहीत. चार-पाच वर्षे वाट पाहिल्यावर घरमालक रोपवाटिकेला, जमिनीला किंवा आपल्या नशिबाला दोष देतात. बहुतेक वेळा दोष यांपैकी कोणाचाच नसतो. वेलीला वेळेवर कात्री लागलेली नसते, एवढेच. हिरवीगार फांदी छाटणे आपल्या जिवावर येते आणि त्या दयेपोटी वेल वांझ राहते.

याचे कारण आपल्या हवामानात आहे. थंड प्रदेशांत हिवाळा आला की द्राक्षवेलीची पाने झडतात, वेल झोपी जाते आणि त्या निद्रेत तिची वर्षातून एकदा छाटणी होते. परदेशी पुस्तकांत आणि संगणकाच्या पडद्यावर जे मार्गदर्शन मिळते ते बहुधा याच वेलीचे असते. मराठवाड्यात वेल झोपतच नाही. ती बारा महिने हिरवी राहते. तिला विश्रांती केव्हा आणि फळधारणा केव्हा, हे माणसाने कात्रीने ठरवावे लागते. म्हणून महाराष्ट्रातील बागायतदार वर्षातून दोन छाटण्या करतात आणि पीक मात्र एकच घेतात. एप्रिलमधील ती खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधील ती गोडी छाटणी. योहानलिखित शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील माळी आपल्या परिचयाचा आहे. तेथे छाटण्यासाठी जे ग्रीक क्रियापद योजले आहे त्याचा अर्थ स्वच्छ करणे असाही होतो. खरड छाटणीनंतरचा उघडाबोडका मांडव ज्याने पाहिला आहे, त्याला हा दुहेरी अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कोणती वेल लावावी, हा पहिला प्रश्न. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलविली, त्या काळापासून दख्खनमध्ये द्राक्ष आले, असे फलोत्पादनाचे अभ्यासक सांगतात. नांदेड आणि लातूर हे भाग ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाने द्राक्षलागवडीस चालना दिली; ‘अनाब-ए-शाही’ हे टपोऱ्या, बियांच्या द्राक्षाचे नाव हैदराबादच्या बागांमुळेच सर्वतोमुखी झाले. तिकडे तमिळनाडूत १८३२ च्या सुमारास ख्रिस्ती मिशनऱ्यांनी द्राक्ष नेले. तेथील सुवासिक ‘पन्नीर’ द्राक्ष हे मस्कत हॅम्बर्ग जातीचे असून आपल्याकडे ते ‘गुलाबी’ म्हणून ओळखले जाते.

येथे नावांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. मस्कत निराळे आणि मस्कडाईन निराळे. मस्कडाईन ही अमेरिकेच्या आग्नेय भागातील उष्ण-दमट हवेत वाढणारी वेगळीच प्रजाती आहे. तिच्या अनेक वाणांची फुले केवळ स्त्रीकेसराचे कार्य करतात, त्यामुळे शेजारी दुसरी परागदायी वेल नसेल तर फळ धरत नाही. फळही मोठ्या घडांत न येता लहान झुबक्यांत येते आणि एकेक मणी वेचावा लागतो. आपल्या लागवडीतील द्राक्षांच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. एकटी वेलही फळते. जाड सालीचे आणि रोगाला सहजी बळी न पडणारे, म्हणजे मस्कडाईनच्या जवळपास जाणारे काही हवे असेल तर ‘बंगलोर ब्लू’ हे काळे द्राक्ष लावावे. त्याला बी आहे, चव थोडी उग्र आहे, मात्र घरच्या मांडवाला ते फार समजूतदार आहे. बिनबियांचेच हवे असेल तर थॉमसन सीडलेस किंवा तिच्यातून निघालेली तास-ए-गणेश व सोनाका; मात्र या जातींना देखरेख अधिक लागते. औसा तालुक्यात आणि शेजारच्या धाराशिव, सोलापूर जिल्ह्यांत द्राक्षबागा आहेत. तेथून ‘डॉगरीज’ खुंटावर कलम केलेले रोप मिळविता आले तर उत्तम. हा खुंट क्षारयुक्त पाणी आणि पाण्याचा ताण या दोहोंस तोंड देतो. आपल्या बोअरच्या पाण्याचा अनुभव असणाऱ्यास याचे महत्त्व सांगणे नको.

आपली काळी, भारी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि ते द्राक्षाच्या मुळांना मानवत नाही. म्हणून अडीच-तीन फूट खोल खड्डा घेऊन त्यात माती, मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळून भरावे व जागा थोडी उंचवट्याची करावी. दिवसातून निदान सहा-सात तास ऊन हवेच. एक सरळ खोड मांडवापर्यंत न्यावे, वर त्याला दोन-चार ओलांडे फोडावेत आणि ओलांड्यांवर काड्या वाढू द्याव्यात. पहिले फळ साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मिळते.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबरमध्ये जो फुलोरा दिसतो, त्याचा जन्म डिसेंबरमधला नसतो. तो मागील उन्हाळ्यातच, डोळ्याच्या आत, उघड्या नजरेला न दिसणाऱ्या रूपात ठरलेला असतो. बागायतदार याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ओलांड्यावरील प्रत्येक काडी एक-दोन डोळे राखून छाटावयाची. दहा-पंधरा दिवसांत नवे फुटवे येतात. त्यांपैकी अंतर राखून निवडक ठेवावेत, बाकीचे कोवळे असतानाच खुडावेत, म्हणजे राहिलेल्या प्रत्येक काडीच्या बुडापर्यंत ऊन पोहोचते. छाटणीनंतर सुमारे ४० ते ६० दिवसांच्या अवधीत डोळ्यामध्ये पुढील घडाची बीजे पडतात. या वेळी डोळ्यावर ऊन पडले नाही, किंवा युरिया आणि पाण्याच्या जोरावर वेल नुसतीच पानांनी माजली, तर त्या डोळ्यातून घडाऐवजी बाळी निघते. ज्या घरी खरड छाटणीच होत नाही, तेथे जुन्या पानांच्या दाट सावलीत डोळे तसेच आंधळे राहतात. सावलीसाठी वाढविलेला मांडव फळ देत नाही, त्याचे रहस्य हे असे आहे.

परंतु एप्रिल म्हटला की आपल्याकडे पाण्याचा प्रश्न उभा राहतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ही आठवण फार जुनी नाही. अशा भागात हौसेच्या वेलीला पाणी घालावे काय, ही शंका रास्त आहे आणि तिला टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. वस्तुस्थिती अशी की छाटणीनंतर फुटवे येईपर्यंत आणि पाने पसरेपर्यंत, म्हणजे पहिला महिना-सव्वा महिना, वेलीला नियमित ओलावा लागतो. त्यानंतर घडनिर्मितीच्या काळात, मेच्या मध्यापासून पुढे, थोडी तहान तिला उपकारकच ठरते. जेव्हा आपल्या हौदाचा तळ दिसू लागतो, नेमके तेव्हाच वेल कमी मागते. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले साबणविरहित पाणी एका घराच्या एका वेलीला बरेच पुरते. बुडाशी उसाचे पाचट किंवा सोयाबीनचा भुसा चार बोटे जाड पसरल्यास ओल टिकते. पिण्याचे पाणी टँकरने येत असेल त्या वर्षी मात्र वेल जगविण्यापुरतेच पाणी द्यावे आणि फळाची आशा सोडावी. पुढील वर्षी ती पुन्हा फळेल.

पावसाळ्यात काडी पक्व होते. हिरवी काडी तपकिरी होऊन पेन्सिलीइतकी जाड झाली आणि वाकविल्यावर कट्‌ आवाज करून मोडू लागली, की ती तयार झाली असे समजावे. याच दिवसांत पानावर तेलकट पिवळे डाग आणि खालच्या बाजूस पांढरी बुरशी दिसली, तर तो केवडा, म्हणजेच डाऊनी. त्यावर जुने व खात्रीचे औषध बोर्डो मिश्रण : एक लिटर पाण्यास १० ग्रॅम मोरचूद व १० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही प्लास्टिकच्या निरनिराळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावीत. मिश्रणात लोखंडी खिळा क्षणभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. कोवळ्या पालवीवर याच्या निम्म्या तीव्रतेने फवारावे आणि फुलोऱ्यावर मुळीच फवारू नये.

गोडी छाटणीची घाई करू नये. परतीचा पाऊस आटोपल्याशिवाय, म्हणजे सामान्यतः ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी, कात्री हातात घेऊ नये. नांदेडकडे पाऊस रेंगाळला तर महिनाअखेरीपर्यंत थांबावे. छाटणीपूर्वी पाणी कमी करून पाने हाताने काढून टाकावीत. थॉमसनच्या कुळातील जातींत फळाचे डोळे काडीवर थोडे वर असतात, म्हणून सहा ते आठ डोळे राखावेत. बियांच्या जातींत चार-पाच पुरतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बागायतदार हायड्रोजन सायनामाईड लावतात. ते विषारी आहे, आणि मद्यपानाच्या आगेमागे त्याचा संपर्क आल्यास जीवावर बेतू शकते. घरच्या वेलीला त्याची काहीही गरज नाही. चार डोळे मागे राहिले तर राहू द्यावेत.

दहा-बारा दिवसांत डोळे फुगतात, लोकरीसारखा पोंगा दिसतो, आणि चार-पाच पाने उलगडेपर्यंत पानासमोर इवलासा घड प्रकट होतो. तो पाहून हुरळून जाऊन भरपूर पाणी आणि खत घालू नये. वेल पुन्हा पानांकडे धावते आणि बारीक घड जिरतात. छाटणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी फुलोरा येतो. अनेकांना तो आला हे कळतच नाही, कारण द्राक्षाच्या फुलाला मिरविण्यासारख्या पाकळ्याच नसतात. पाच पाकळ्या शेंड्याला एकमेकींना चिकटलेल्या असून त्यांची एक हिरवी टोपी बनते. सकाळच्या उन्हात ही टोपी बुडातून सुटून गळून पडते, आतील पाच पुंकेसर मोकळे होतात आणि पराग आपोआप मधल्या स्त्रीकेसरावर पडतो. जवळ गेल्यास मंद गोड वास येतो. एका घडात शेकडो फुले असतात, त्यांतील बरीचशी गळतात. जमिनीवर हिरवट कचरा पडलेला पाहून घाबरू नये. सर्वच फुले टिकली असती तर मण्यांनी एकमेकांना चिरडले असते. या आठ-दहा दिवसांत वेलीवर पाणी मारू नये, फवारणी करू नये आणि घडाला हात लावू नये. अवकाळी पाऊस झाल्यास मांडव हलकेच हलवून घडांतील पाणी झाडावे.

मणी ज्वारीएवढे, मग हरभऱ्याएवढे होतात. आता दाट घडातील काही मणी टोकदार कात्रीने विरळ करावेत आणि पहिल्या फळाच्या वर्षी वेलीवर दहा-बारापेक्षा अधिक घड ठेवू नयेत. बाजारातील लांबट मणी संजीवकाच्या द्रावणात घड बुडवून मिळविलेले असतात. घरचे मणी लहान राहिले तर त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. थंडीत पानांवर राखेसारखी भुरी आल्यास पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम प्रमाणात फवारावे. जुनी साल सुटलेली असेल तेथे पिठ्या ढेकूण लपतो. ती साल हाताने खरवडून जाळावी.

पुढे एके दिवशी कठीण, आंबट मणी मऊ पडू लागतो आणि पारदर्शक दिसतो. याला ‘पाणी उतरणे’ म्हणतात. येथून साखर भरू लागते. बुलबुल आणि साळुंक्या यांना ही वार्ता आपल्याआधी पोहोचते, तेव्हा प्रत्येक घडाला वर्तमानपत्राच्या कागदाची सैल टोपी घालावी. पाणी हळूहळू कमी करावे. रंगावर विसंबून घड तोडू नये. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंबा आढीत घालतो तसे येथे चालत नाही. घडाच्या अगदी खालच्या टोकाचा मणी चाखून पाहावा. तो सर्वांत शेवटी गोड होतो, त्यामुळे तो गोड लागला की संपूर्ण घड तयार झाला. ऑक्टोबरच्या मध्यास छाटलेली वेल साधारणतः फेब्रुवारीच्या उत्तरार्धात उतरते. थंडी लांबल्यास मार्च उजाडतो. घड सकाळी, उन्हे चढण्यापूर्वी कात्रीने देठासह काढावेत.

फळ उतरल्यावर वेलीकडे पाठ फिरवू नये. तिने खोडातील साठा खर्च केलेला असतो. बुडाशी दोन पाट्या शेणखत घालून तिला हलके पाणी द्यावे आणि तीन-चार आठवडे पाने तशीच राहू द्यावीत. मग एप्रिलमध्ये पुन्हा खरड छाटणी.