अनुवादकांनीही संघटित व्हावे

कानडीतली नोटीस दारात आली, की ती वाचून सांगणाऱ्याची शोधाशोध करायची, हे आम्हा सीमावासीयांना नवे नाही. एका शब्दाचा अर्थ चुकला तर मुदत टळते, जमिनीचा वाद उभा राहतो. म्हणून अनुवादाच्या व्यवसायात काय चालले आहे, याची दखल आम्ही घेतलीच पाहिजे.

2016 मध्ये गूगलने यंत्रानुवादाची नवी पद्धत आणली आणि या व्यवसायाचे गणित बदलू लागले. यंत्र फुकटात करते, मग तुम्हाला पैसे कशाचे, असे गिऱ्हाईक विचारू लागले. एकट्यादुकट्या कंपनीला याचे उत्तर देणे अवघड. ब्रिटनमध्ये अनुवाद कंपन्यांची संघटना 1976 पासून आहे. बदलत्या कामाचे प्रशिक्षण ती सभासदांना देते. चुकीच्या भरपाईसाठी सभासदांनी विमा उतरवलाच पाहिजे, असा तिचा दंडक आहे. 2015 च्या आयएसओ 17100 या मानकानुसार अनुवाद दुसऱ्या जाणकाराने मूळ मजकुराशी ताडून पाहावा लागतो. यंत्राचा अनुवाद माणसाने कसा सुधारावा, यासाठी 2017 मध्ये आयएसओ 18587 आले. ही मानके सभासदांना समजावून देण्याचे, अंगवळणी पाडण्याचे काम अशा संघटना करतात. आपण पैसे कशाचे मोजतो, हे मग गिऱ्हाइकालाही कळते.

आमच्याकडे कचेरीबाहेर बसून कागदाचा अर्थ लावून देणारा मात्र एकटाच असतो. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या अशा जाणकारांनी एकत्र यावे, एकमेकांचे काम तपासावे, अनुवादाखाली आपली सही करावी. यंत्र जरूर वापरावे. पण चूक झाली तर जाब द्यायला माणूस हवा.