पैनगंगेपलीकडचा रुपया

झरी जामणी तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. पलीकडे आज तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा आहे. 1948पर्यंत तिथे निजामाचे राज्य होते. लोक त्याला मोगलाई म्हणत. इकडे इंग्रजांचा कळदार रुपया, तिकडे निजामाचा हाली. इथल्या माणसाचा परदेश नदी उतरली की सुरू व्हायचा.

निजाम उस्मान अलींच्या काळातला हाली रुपया नीट निरखून पाहावा. एका बाजूला चारमिनार, त्याच्या मधल्या कमानीत उस्मान नावाचे आद्याक्षर ‘ऐन’. कळदाराचे वजन 11.66 ग्रॅम, हालीचे 11.18, नुसत्या हाताला हा फरक कळायचा नाही. खरा फरक चांदीचा. कळदारात ती सुमारे 92 टक्के, हालीत सुमारे 82. म्हणून सात हाली म्हणजे सहा कळदार असा हिशेब बसे. शिवाय सराफाचा वटाव वेगळा.

नदीपार जाणाऱ्याचे असे भागायचे. काशीला निघालेल्याचे काय? महिनोन् महिन्यांची वाट, लुटारूंची धास्ती. तो सावकाराकडे रक्कम भरायचा, हुंडणावळ, म्हणजे हुंडीचे शुल्क, द्यायचा आणि मुक्कामाच्या शहरातल्या पेढीवर हुंडी लिहून घ्यायचा. दर्शनी हुंडी दाखवताच पटायची, मुदती ठरल्या दिवशी. शहाजोग हुंडीचे पैसे पेठेत पत असलेल्या माणसालाच मिळत, त्यामुळे ती चोरणाऱ्याला सहज वटवता येत नसे. आकड्यात कोणी फेरफार करू नये म्हणून रक्कम फोडून लिहीत: रुपये शंभर, निमे पन्नास, त्याचे दुप्पट. मूळ हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पेठ, तीही गेली तर तिसरी, परपेठ. इतका बारीक विचार करणाऱ्या त्या मुनिमांबद्दल मला फार आदर वाटतो.

लंडनच्या रॉबर्ट हेरीजने 1772 साली युरोपातल्या प्रवाशांसाठी अशाच चिठ्ठ्या सुरू केल्या. आपल्याकडे हुंडी तोवर पुरती मुरलेली होती. द्वारकेच्या यात्रेकरूंना संत नरसी मेहतांनी शामळशा शेठच्या, म्हणजे कृष्णाच्या, नावे हुंडी लिहून दिली, ही कथा ऐकणाऱ्याला हुंडी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नसे.

पुढे 1880 साली टपाल खात्याची मनिऑर्डर आली. नदीपलीकडे 1941 साली निजाम सरकारने हैदराबाद स्टेट बँक स्थापन केली. 1950मध्ये भारतीय रुपया मोगलाईत कायदेशीर चलन झाला, तोही सातास सहा याच भावाने. हाली मात्र लगेच गेला नाही. राज्य विलीन झाल्यावरही, 1959पर्यंत, चारमिनारचा रुपया त्या मुलखात चालत होता.