गरम गिअरबॉक्स, गार ओढा

जीप रॅम्पवर चढवल्यावर मिस्त्रींनी मागच्या डिफरन्शिअलचा वरचा, ऑइल भरायचा बोल्ट आधी सैल केला. खालचा नंतर. उलटं केलं आणि वरचा जाम निघाला, तर ऑइल काढून बसायचं आणि नवीन भरायला वाटच नाही! गाडी रात्रभर जागची हलवू नका, हेही त्यांनीच सांगितलं होतं. खालचा बोल्ट शेवटच्या आट्यांवर आला तसं फटीतून आधी पाणी गळलं, कारण ते जड, तळाशी बसतं. मागोमाग आलं ते दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं ऑइल.

"गुडघाभरच तर पाणी होतं," मालक म्हणाला. आदल्या दिवशी ताम्हिणीकडचा एक ओढा त्याने ओलांडला होता. "आणि सगळीकडे सील आहेत ना?"

सील आहेत, पण ती ऑइल बाहेर जाऊ नये म्हणून. रबराची पातळ कड, तिच्यामागे बारीक स्प्रिंग, आणि कडेचं तोंड आतल्या बाजूला. बाहेरून पाणी रेटलं, तर ती कितपत दाद देईल हे सांगता येत नाही. शिवाय डिफरन्शिअलचं हौसिंग हवाबंद नसतंच. गिअर फिरून ऑइल तापतं, आतली हवा फुगते. तिला वाट हवी म्हणून वर ब्रीदर ठेवलेला असतो. घाट चढून ऐंशी अंशांवर गेलेलं हौसिंग ओढ्यात उतरून तिशीला आलं, की आतली हवा साधारण सातव्या हिश्श्याने आक्रसते. ती उणीव भरून निघतेच. ब्रीदर पाण्याखाली असेल तर तिथून, चिखलाने बुजला असेल तर सीलच्या कडेवरून. पाणी नुसतं शिरत नाही, ओढलं जातं.

थारसाठी 650 मिलिमीटर, गुरखासाठी 700 मिलिमीटर खोल पाणी चालतं, असं कंपन्या सांगतात. आकडे खोटे नाहीत. पण ते ऐकून लोक जरा जास्तच निर्धास्त होतात, असं माझं मत आहे. मागचा डिफरन्शिअल चाकांच्या मध्यावर असतो, गुडघाभर पाण्यातही तो जवळजवळ बुडतो. गिअरबॉक्स वर असतो म्हणून बरेचदा वाचतो. याही जीपचा वाचला होता: ऑइल स्वच्छ, मधाळ. जुन्या लँड रोव्हरच्या क्लच हौसिंगला तर तळाशी मुद्दाम भोक असायचं, गळलेलं ऑइल क्लचवर न जाता खाली पडावं म्हणून. पाण्यात उतरण्याआधी त्यात बोल्ट बसवायचा आणि नंतर आठवणीने काढायचा.

मिस्त्रींनी नवीन ऐंशी-नव्वद ऑइल भरलं, गाडी थोडी फिरवून आणली आणि तेही ओतून टाकलं. मालकाचा चेहरा पडला. पण बेअरिंगच्या फटींत राहिलेलं दुधाळ ऑइल एका बदलात निघत नाही आणि तसंच राहिलं तर गंज धरतो. दुसरं ऑइल किंचित गढूळ आलं. तिसरं भरलं ते कायमचं.

मग खरं काम. ब्रीदरची टोपी काढून तिथे निपल बसवला, त्यावर रबरी पाइप चढवून क्लिप आवळली आणि पाइप चॅसीच्या कडेने बॉनेटखाली, बॅटरीपेक्षा उंच नेला. अॅक्सलपाशी हातभर ढील ठेवली, कारण खड्ड्यात अॅक्सल खाली गेला की ताणलेला पाइप निसटतो. टोकाला पेट्रोलचा छोटा फिल्टर.

"आता पाणी शिरणार नाही ना?" मालकाने विचारलं.

"ब्रीदरमधून नाही," मिस्त्री म्हणाले. "सीलचं सांगत नाही. पाण्यात घालायच्या आधी जरा थंड होऊ देत जा."